गाडी आली की निघू : वेळेची आणि ‘तरी’ची इंग्रजी वाक्यं

नांदेडहून निघून अर्धापूर मागे टाकलं की पुढे वारंगा फाटा लागतो. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावर रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक हिंगोली-वाशिमवरून अकोल्याला जाते, दुसरी उमरखेड-महागाववरून यवतमाळ आणि पुढे नागपूरच्या दिशेनं. त्यामुळे इथे गाडी बदलणारे, गाडीची वाट बघणारे आणि गाडी यायच्या आत खिचडीची प्लेट संपवू बघणारे लोक कायम असतात. त्यांच्या तोंडची वाक्यं साधारण अशी असतात :

‘गाडी आली की फोन करतो.’
‘मी येईस्तोवर थांब.’
‘दोन तास झाले, उभाच आहे.’
‘पाऊस आला तरी जाऊ.’
‘खिचडी खाताना गाडी गेली.’

या पाचही वाक्यांत एका गोष्टीला दुसरी गोष्ट वेळेनं किंवा ‘तरी’नं बांधलेली आहे. इंग्रजी व्याकरण अशा बांधणीला ‘क्लॉज ऑफ टाइम’ आणि ‘क्लॉज ऑफ कन्सेशन’ म्हणतं. दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘ऑल्दो वापरून वाक्य पुन्हा लिहा’, ‘नो सूनर-दॅन वापरा’ असे प्रश्न येतात ते यावरच. स्पर्धा परीक्षांच्या भाषेच्या पेपरातही हा भाग सुटत नाही. आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे गुण इथे हमखास जातात.

याचं खापर बहुतेक वेळा मातृभाषेवर फुटतं. ‘मराठीत विचार करतोस म्हणून चुकतोस’ हे वाक्य वर्गात किती वेळा ऐकू येतं! मला हे निदान अर्धंच खरं वाटतं. नेहमीच्या चुका एकेक करून तपासल्या तर असं दिसतं, की त्यांतल्या बऱ्याचशा बोलत्या मराठीतून येतच नाहीत. त्या येतात पुस्तकी मराठीतून, म्हणजे ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जोपर्यंत-तोपर्यंत’, ‘जरी-तरी’ या जोड्यांमधून. आपण मनातलं वाक्य आधी या जोडीत बसवतो आणि मग जोडीतला शब्दन्‌शब्द इंग्रजीत नेतो. फाट्यावर जसं बोलतो तिथूनच थेट इंग्रजीकडे गेलो, तर अनेक नियम आपल्याला आधीच ठाऊक असल्याचं लक्षात येतं.

दोन वाक्यं, एक मुख्य

आधी थोडी पूर्वपीठिका. विल्यम कॅरीनं १८०५ साली इंग्रजीतून मराठीचं व्याकरण लिहिलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ १८३६ साली आलं आणि मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. इंग्रजी शिकवायला तर्खडकरांच्याच नावाची ‘भाषांतर पाठमाला’ महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिचे कर्ते मात्र द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. मराठी वाक्य घ्यायचं, नियम सांगायचा, इंग्रजी वाक्य करून घ्यायचं, ही तिची पद्धत. आजही मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी वाक्यरचना बऱ्याच अंशी याच वाटेनं शिकवली जाते. पद्धत वाईट नाही. पण भाषांतराला घेतलेलं मराठी वाक्य कुठल्या घडणीचं आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

शाळेत शिकलेलं मराठी व्याकरण इथे कामाला येतं. उभयान्वयी अव्ययांचे दोन मोठे गट आपण पाठ केलेले असतात. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’, ‘म्हणून’ ही प्रधानत्वसूचक. ती दोन बरोबरीच्या वाक्यांना जोडतात. ‘जर-तर’, ‘जरी-तरी’, ‘कारण’, ‘की’ ही गौणत्वसूचक. ती एक वाक्य मुख्य ठेवतात आणि दुसरं त्याच्या आश्रयाला आणतात. इंग्रजीतही हीच विभागणी आहे. ‘बट’ आणि ‘अँड’ बरोबरीचे. ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘सिन्स’, ‘ऑल्दो’ आश्रिताचे. एवढा एक धागा हातात धरला तर पुढचं बरंचसं सोपं होतं.

‘की’ आणि ‘कधी’

पहिली आणि सगळ्यात पसरलेली चूक ही : ‘व्हेन आय विल रीच नांदेड, आय विल कॉल यू.’ इंग्रजीत ‘व्हेन’च्या कालवाचक वाक्यात ‘विल’ चालत नाही. बरोबर वाक्य : ‘व्हेन आय रीच नांदेड, आय विल कॉल यू.’ भविष्यकाळ मुख्य वाक्यानं एकदा सांगितला की पुरे.

ही चूक येते कुठून? ‘जेव्हा मी नांदेडला पोचेन, तेव्हा मी तुला फोन करीन’ या वाक्यातून. मराठी म्हणून ते बिनचूक आहे, पण फोनवर असं कोण बोलतं? आपण म्हणतो, ‘नांदेडला पोचलो की फोन करतो.’ आता ‘पोचलो’ या रूपाकडे पाहा. पोचणं अजून व्हायचंय, तरी आपण ‘पोचेन की’ म्हणत नाही. ‘गाडी येईल की बसू’ असं मराठी कानाला ऐकवतच नाही. ‘गाडी आली की बसू’ असंच हवं. म्हणजे ‘वेळेच्या वाक्यात भविष्यकाळ नको’ हा इंग्रजीचा नियम बोलत्या मराठीतही आहे. फरक इतकाच, की त्या जागी मराठी ‘आली’ हे पूर्ण झालेल्या क्रियेचं रूप ठेवते आणि इंग्रजी साधा वर्तमानकाळ. ‘ल्यावर’चंही तसंच : ‘जेवण झाल्यावर निघू’. यात कुठेही भविष्यकाळ नाही, आणि ‘आफ्टर वी ईट, वी विल लीव्ह’ यातल्या पहिल्या वाक्यातही नाही.

हा नियम सगळ्या जगात सारखा नाही. फ्रेंचमध्ये ‘जेव्हा’च्या वाक्यातही भविष्यकाळच येतो, म्हणून फ्रेंच मुलं इंग्रजी शिकताना अगदी हाच ‘व्हेन आय विल’ करतात. त्यांना तो नियम खरोखर नव्यानं शिकावा लागतो. आपल्याला तो फक्त ओळखायचा आहे.

मग ‘व्हेन’ आणि ‘विल’ कधीच शेजारी येत नाहीत का? येतात. ‘आय डोन्ट नो व्हेन द बस विल कम’ हे वाक्य बरोबर आहे, आणि ते पाहून विद्यार्थी गोंधळतो. याचंही उत्तर बोलत्या मराठीत आहे. हे वाक्य आपण कसं म्हणू? ‘गाडी कधी येईल माहीत नाही.’ इथे ‘की’ नाही, ‘कधी’ आहे. हा प्रश्न पोटात घेतलेला आहे. मराठीनं दोन कामांना दोन शब्द ठेवलेत, इंग्रजीनं दोन्हींना ‘व्हेन’. तेव्हा कसोटी अशी : मराठीत ‘की’ किंवा ‘ल्यावर’ आलं तर ‘व्हेन’नंतर वर्तमानकाळ, मराठीत ‘कधी’ आलं तर ‘व्हेन’नंतर खुशाल ‘विल’.

‘ॲज सून ॲज’, ‘वन्स’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अनटिल’ या सगळ्यांना हाच नियम लागतो. ‘गाडी दिसताच हात कर’ म्हणजे ‘वेव्ह ॲज सून ॲज यू सी द बस’. ‘एकदा घाट संपला की रस्ता चांगला आहे’ म्हणजे ‘वन्स द घाट एंड्स, द रोड इज गुड’.

‘येईस्तोवर’ आणि फुकटचा ‘नॉट’

दुसरी चूक : ‘वेट अनटिल द बस डझ नॉट कम.’ याचा सरळ अर्थ लावायला गेलं तर गाडी न येण्याची वाट बघा, असा काहीतरी होतो. हा ‘नॉट’ आला ‘जोपर्यंत गाडी येत नाही तोपर्यंत थांब’ या वाक्यातून. ‘जोपर्यंत’ला मराठीत ‘नाही’ची सवय आहे, त्या नकाराचा अर्थ आपण आपोआप गाळून घेतो. इंग्रजीतल्या ‘अनटिल’ला ही सवय नाही. तो नकार तो अक्षरशः घेतो.

आता बोलीकडे या. ‘गाडी येईपर्यंत थांब.’ मराठवाड्यात ‘येईस्तोवर’ म्हणतील, आणखी जवळच्या माणसाला ‘मी येतो तवर थांब.’ यांत ‘नाही’ कुठेच नाही. म्हणून ‘वेट अनटिल द बस कम्स.’ झालं वाक्य.

मुख्य वाक्यात नकार असेल तर तो मात्र ठेवायचा. ‘पाऊस थांबेपर्यंत निघू नका’ म्हणजे ‘डोन्ट लीव्ह अनटिल द रेन स्टॉप्स.’ मराठीत एकच ‘नका’, इंग्रजीत एकच ‘डोन्ट’. हेच वाक्य ‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत निघू नका’ असं लिहिलंत की दोन नकार होतात आणि इंग्रजीत एक जास्तीचा जातो. ‘अनलेस’चीही अशीच गत होते. त्याच्या पोटात नकार आधीच आहे, त्यामुळे ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ म्हटलं की अर्थ उलटा होतो. ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस’ हे ‘शिवाय’चं वाक्य मनात धरा, ‘अनलेस यू स्टडी, यू वोन्ट पास’ आपोआप येईल.

‘दोन तास झाले’ की ‘सातपासून’?

‘आय हॅव बीन वेटिंग सिन्स टू अवर्स’ हे भारतभर ऐकू येणारं वाक्य. कारण उघड आहे : ‘दोन तासांपासून’ आणि ‘सात वाजल्यापासून’ या दोन्हींत आपल्याकडे ‘पासून’ बसतं. इंग्रजी मात्र सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ लावतं आणि लोटलेल्या काळाला ‘फॉर’.

नियम पाठ असूनही लिहिताना गडबड होते, कारण ‘पासून’ दोन्हीकडे आड येतं. पण फाट्यावर उभा असलेला माणूस ‘दोन तासांपासून उभा आहे’ क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘दोन तास झाले, उभाच आहे.’ हीच कसोटी. ज्या वेळेला ‘झाले’ किंवा ‘झाली’ लावता येतं तिथे ‘फॉर’ : दोन तास झाले, तीन वर्षं झाली, महिना झाला. जिथे ‘पासून’शिवाय चालतच नाही तिथे ‘सिन्स’ : सोमवारपासून, २०१९पासून, बारावी झाल्यापासून. ‘सोमवार झाला, ताप आहे’ असं कुणी म्हणणार नाही.

‘सिन्स’नंतर पूर्ण वाक्यही येतं आणि त्यात बहुधा साधा भूतकाळ असतो : ‘शी हॅज बीन हॅपी सिन्स शी केम हिअर.’ मराठीतही सुरुवातीचा क्षण संपलेला असतो, ‘आल्यापासून’, आणि पुढचं चालू असतं, ‘खुशीत आहे’.

‘ऑल्दो’ आला की ‘बट’ला रजा

आता ‘तरी’कडे वळू. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द बस केम ऑन टाइम’ ही आणखी एक मोठी चूक. ‘जरी पाऊस पडत होता, तरी गाडी वेळेवर आली’ : जोडीतल्या दोन शब्दांना इंग्रजीतही दोन शब्द हवेत, या समजातून ती होते.

आधी सांगितलेले दोन गट आठवा. ‘ऑल्दो’ गौणत्वसूचक आहे. तो आपल्या वाक्याला दुसऱ्याच्या आश्रयाला ठेवतो. ‘बट’ प्रधानत्वसूचक आहे. त्याला दोन्ही बाजूंनी बरोबरीचं वाक्य लागतं. एकाच वाक्यानं आश्रितही राहायचं आणि बरोबरीनंही उभं राहायचं, हे जमणार कसं? म्हणून दोघांपैकी एक ठेवायचा. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, द बस केम ऑन टाइम.’ नाहीतर ‘इट वॉज रेनिंग, बट द बस केम ऑन टाइम.’ जुन्या इंग्रजी व्याकरणांत ‘दो’बरोबर ‘येट’ आलेला दिसतो. तो चालतो, कारण तिथे तो आपल्या ‘तरीही’सारखा नुसता जोर देतो. आजच्या लिखाणात तोही लागत नाही.

बोलताना आपण तरी ‘जरी’ किती वेळा वापरतो? ‘पाऊस होता तरी गाडी आली.’ एकच ‘तरी’, आणि अर्थ पुरा. मराठीला एक शब्द पुरतो, तसाच इंग्रजीलाही पुरतो.

ही चूक आपल्या एकट्याची नाही. हिंदीत ‘हालाँकि’च्या पाठोपाठ ‘लेकिन’ येतो, उर्दूत ‘अगरचे’च्या मागे ‘लेकिन’. चिनी भाषेतही ‘सुइरान’ आणि ‘दानशी’ अशी जोडीच चालते, म्हणून चिनी विद्यार्थ्याच्या वहीतही शिक्षक ‘बट’वर लाल रेघ मारतो.

जिथे मराठी वाट दाखवत नाही

इथवर बोलत्या मराठीनं साथ दिली. पण काही जागी ती दोन अर्थ एकाच रूपात ठेवते आणि इंग्रजी त्यांना वेगळं करतं. तिथे सावध राहायला हवं.

पहिली जागा ‘आला तरी’ची. ‘पाऊस आला तरी आम्ही गेलो’ आणि ‘पाऊस आला तरी आम्ही जाऊ’ : ‘आला तरी’ दोन्हीकडे तेच. पहिल्यात पाऊस खरोखर आला होता. दुसऱ्यात तो येईल किंवा न येईल. मराठी हा फरक मुख्य वाक्याच्या काळावर सोडून देते. नांदेडहून फाट्यापर्यंत रस्ता एकच असतो आणि हिंगोली की नागपूर हे पुढे ठरतं, तसंच हे. इंग्रजीला मात्र निघतानाच पाटी लावावी लागते. घडलेल्या गोष्टीला ‘ईव्हन दो’ : ‘ईव्हन दो इट रेन्ड, वी वेन्ट.’ नुसत्या शक्यतेला ‘ईव्हन इफ’ : ‘ईव्हन इफ इट रेन्स, वी विल गो.’ मराठी व्याकरणकारांनी ‘जरी-तरी’ला ‘जर-तर’च्याच शेजारी, संकेतबोधक गटात बसवलं, त्यामागेही हीच जवळीक आहे. जुन्या मराठीत तर ‘जरी’ हा ‘जर’च्या अर्थानंही येतो. तेव्हा लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे झालंय, की होऊ शकतं?

दुसरी जागा ‘पर्यंत’ची. ‘गाडी येईपर्यंत थांबलो’ आणि ‘आम्ही पोचेपर्यंत गाडी गेली होती’. पहिल्या वाक्यात थांबणं त्या क्षणापर्यंत चालू होतं, तिथे ‘अनटिल’. दुसऱ्यात गाडीचं जाणं त्या क्षणाच्या आधीच उरकलं होतं. तिथे ‘बाय द टाइम’ : ‘बाय द टाइम वी रीच्ड, द बस हॅड लेफ्ट.’ कसोटी सोपी आहे. ताणून धरलेल्या क्रियेला ‘अनटिल’, उरकलेल्या क्रियेला ‘बाय द टाइम’. त्या ‘हॅड लेफ्ट’चा अर्थही मराठीतच आहे, ‘गेली होती’.

तिसरी जागा ‘ताना’ची, आणि ती गमतीची आहे. ‘खिचडी खाताना गाडी गेली.’ हे मराठीत बिनदिक्कत चालतं. खाणारा कोण ते सांगावं लागत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. हेच ‘व्हाइल ईटिंग खिचडी, द बस लेफ्ट’ असं लिहिलं, तर इंग्रजी वाचकाला खिचडी गाडीनं खाल्लेली दिसते. इंग्रजीत ‘व्हाइल’नंतर नुसतं ‘ईटिंग’ ठेवलं की त्याचा कर्ता मुख्य वाक्याचाच धरला जातो. कर्ते वेगळे असतील तर दोन्ही सांगावे लागतात : ‘व्हाइल आय वॉज ईटिंग खिचडी, द बस लेफ्ट.’ या बाबतीत मराठवाड्याच्या बोलीला एक सोय आहे. ‘मी खिचडी खायलो होतो, तवर गाडी गेली.’ यात ‘मी’ही आला आणि ‘खायलो होतो’ या रूपात ‘वॉज ईटिंग’ही आलं. प्रमाण मराठीच्या ‘खाताना’पेक्षा इथे बोलीचं वाक्य इंग्रजीला जास्त जवळ आहे.

‘थांबते न थांबते तोच’

बारावीच्या मुलाला ‘नो सूनर’चा धाक वाटतो. त्याच्या तोडीची मराठी रचना मात्र त्याला लहानपणापासून येत असते : ‘गाडी थांबते न थांबते तोच लोक दाराकडे धावले.’ मराठीत तो मधला ‘न’ जे सुचवतो, ते इंग्रजीत ‘नो’ सुचवतो. पहिली गोष्ट धड पुरी झाली न झाली, तोवर दुसरी सुरू.

‘नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन पीपल रश्ड टू द डोअर.’ यात तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या, आणि तिन्हींना कारण आहे. वाक्याच्या तोंडी नकारी शब्द आला की इंग्रजी प्रश्नार्थक वाक्यासारखी रचना करतं, म्हणून ‘डिड’ कर्त्याच्या आधी. ‘डिड’नं भूतकाळ उचलला, म्हणून पुढे ‘स्टॉप्ड’ नव्हे, ‘स्टॉप’. आणि ‘सूनर’ हे ‘सून’चं तुलनेचं रूप आहे, म्हणून त्याला ‘दॅन’ लागतं, जसं ‘बेटर दॅन’. ‘हार्डली’ हे तुलनेचं रूप नाही, म्हणून त्याच्या जोडीला ‘व्हेन’ : ‘हार्डली हॅड द बस स्टॉप्ड व्हेन पीपल रश्ड.’ कारण कळलं की ‘दॅन’ कुठे आणि ‘व्हेन’ कुठे हे घोकावं लागत नाही. रोजच्या बोलण्यात मात्र इंग्रजी माणूस बहुधा ‘ॲज सून ॲज’वरच भागवतो. ‘नो सूनर’ ही लिखाणाची आणि परीक्षेची चीज आहे.

‘असूनही’ आणि ‘कितीही’

‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ यांच्यापुढे पूर्ण वाक्य येत नाही; नाम येतं किंवा ‘इंग’चं रूप. ‘डिस्पाइट इट वॉज रेनिंग’ चूक, ‘डिस्पाइट द रेन’ बरोबर. ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट’चा, ‘डिस्पाइट ऑफ’ असं काही नसतं. मराठीतलं ‘असूनही’ यांच्या सगळ्यात जवळ आहे. ‘आजारी असूनही ती आली’ : ‘डिस्पाइट बीइंग इल, शी केम.’ ‘असून’ जसं स्वतंत्र क्रियापद नाही, धातूपासून साधलेलं अव्यय आहे, तसंच इथे ‘बीइंग’. मनातल्या मराठी वाक्यात ‘तरी’ असेल तर ‘ऑल्दो’ घ्या, ‘असूनही’ असेल तर ‘डिस्पाइट’.

मराठीतला ‘ही’ आणखी एक काम करतो. कुठेही, कोणीही, काहीही, केव्हाही : इंग्रजीत ‘व्हेअरएव्हर’, ‘हूएव्हर’, ‘व्हॉटएव्हर’, ‘व्हेनेव्हर’. आपला ‘ही’ जिथे बसतो तिथे त्यांचा ‘एव्हर’ बसतो. ‘कितीही अभ्यास केला तरी’ म्हणजे ‘हाउएव्हर हार्ड आय स्टडी’ किंवा बोलण्यात ‘नो मॅटर हाउ हार्ड आय स्टडी’. इथेही ‘तरी’साठी वेगळा शब्द लागत नाही.

आधी कोण, नंतर कोण

मराठीत वेळेचा आणि ‘तरी’चा शब्द आपल्या वाक्याच्या शेवटी बसतो : गाडी आली *की*, पाऊस आला *तरी*, तो येई*पर्यंत*. म्हणून आश्रित वाक्य आपल्याकडे सहसा आधीच येतं. इंग्रजीत तो शब्द वाक्याच्या तोंडाशी असतो, त्यामुळे आश्रित वाक्य आधीही ठेवता येतं आणि नंतरही. ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच’ हे इंग्रजीत जास्त सहज वाटतं. आश्रित वाक्य आधी आलं तर त्यानंतर स्वल्पविराम द्यायचा. वेळेचं वाक्य नंतर आलं तर बहुधा नको. विरामचिन्हं मराठीतही इंग्रजीच्या वाटेनंच आली. मेजर कँडीची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालची. तेव्हा स्वल्पविराम आपल्याला परका राहिलेला नाही, तो जागेवर देण्याची सवय तेवढी लावायची आहे.

सराव

खालची मराठी वाक्यं बोलीतली आहेत. उत्तर झाकून आधी स्वतः वाक्य करा.

१. शाळा सुटली की घरी ये. — ‘कम होम व्हेन स्कूल इज ओव्हर.’ ‘की’ आहे, म्हणून ‘विल’ नाही.

२. निकाल कधी लागेल ते सरांना विचार. — ‘आस्क सर व्हेन द रिझल्ट विल कम.’ ‘कधी’ आहे, म्हणून ‘विल’ आहे.

३. मी परत येईपर्यंत इथेच बस. — ‘सिट हिअर अनटिल आय कम बॅक.’ नकार नाही.

४. आम्ही स्टँडवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती. — ‘बाय द टाइम वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ क्रिया उरकलेली.

५. तीन वर्षं झाली, ती नांदेडला शिकतेय. — ‘शी हॅज बीन स्टडिइंग इन नांदेड फॉर थ्री इयर्स.’ ‘झाली’ म्हणजे ‘फॉर’.

६. वडील गेल्यापासून तोच शेती बघतोय. — ‘ही हॅज बीन लुकिंग आफ्टर द फार्म सिन्स हिज फादर डाइड.’ सुरुवातीचा क्षण.

७. पैसे कमी होते तरी तिनं पुस्तक घेतलं. — ‘ऑल्दो शी हॅड लिटल मनी, शी बॉट द बुक.’ ‘बट’ नको.

८. पैसे कमी पडले तरी पुस्तक घेणारच. — ‘ईव्हन इफ आय रन शॉर्ट ऑफ मनी, आय विल बाय द बुक.’ अजून व्हायचंय.

९. ताप असूनही त्यानं पेपर दिला. — ‘डिस्पाइट हॅविंग अ फीव्हर, ही टूक द एक्झाम.’ ‘असूनही’ला ‘इंग’.

१०. घंटा वाजते न वाजते तोच पोरं बाहेर पळाली. — ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.’

दहा वाक्यांनी भागणार नाही हे उघड आहे. पुढचा सराव मात्र गाइडातून करू नका. तिथली मराठी वाक्यं पुन्हा ‘जेव्हा-तेव्हा’चीच असतात. खिशात एक छोटी वही ठेवा. स्टँडवर, किराणा दुकानात, घरात जे ऐकाल त्यातली ‘की’, ‘तरी’, ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘ताना’, ‘असूनही’ची वाक्यं आहेत तशी उतरवा. बोलीतली असतील तर बोलीतच उतरवा, ‘शुद्ध’ करू नका. संध्याकाळी त्यांतली पाच इंग्रजीत करा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. कारण लिहिता आलं नाही तर ते वाक्य दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारा.

शिक्षकांनाही एक विनंती. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत मूल ही भाषा दहा वर्षं शिकतं. एवढ्या काळात त्याला ‘तुझी मराठी आड येते’ असं एकदाही सांगू नका. ‘तू घरी हे कसं म्हणतोस?’ असं आधी विचारा, आणि फळ्यावर पहिलं वाक्य त्यानं सांगितलेलं लिहा.